नानाचे बिनमहत्त्वाचे निरोप

नाना, तुझ्या शोकसभेत तुमच्या कॉलेजच्या माजी प्राचार्यांनी तुला ‘मितभाषी’ म्हटलं. मला हसू आलं. ते दाबायला मी रुमाल तोंडाशी धरला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका फुटला. त्यांनी लगबगीनं उठून पाणी आणलं. ते पिताना मला खरोखरच रडू आलं, पण तोवर सगळे पुढच्या वक्त्याकडे बघत होते.

मितभाषी म्हणे. रोज सकाळी सातला तू जळगावात आणि मी धुळ्यात आपापला रेडिओ सेट लावून बसायचो आणि साडेसातपर्यंत मला ‘हं’ म्हणायलाही फट मिळायची नाही. तुझ्या गच्चीवरचं तापमान, शेजाऱ्यांच्या शेळीनं खाल्लेला कढीपत्ता, फैजपूरच्या मळ्यात केळीचा कोणता पट्टा निसवला, म्हणजे घड बाहेर पडले, सगळं तपशीलवार. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “नानाले सांगा, हळू बोला. बठ्ठी गल्ली आयकी ऱ्हायनी.” गल्लीनं ऐकायला हरकत नव्हती. त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं आणि काही नसावं हाच तर तुझा नियम होता. त्या नियमावरून आपण सतरा वर्षं भांडलो. निकाल लागायच्या आत तू उठून गेलास, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी तारमास्तर. धुळ्याच्या तार ऑफिसात माझ्या बोटाखालून निम्म्या जिल्ह्याची जन्ममरणं गेली. आमच्याकडे माणूस आला की आधी त्याचे शब्द कापायचे. “आजोबा, ‘कळविण्यास आनंद होतो’ कशाला? नातू झाला एवढं पुरे, आनंद त्यांना आपोआप कळेल.” असं तेहेतीस वर्षं केल्यावर माणसाची जीभ आखूड होते. माझी झाली. आणि त्या तेहेतीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर चुकलं नाही. हे मी म्हणत नाही, निवृत्तीच्या वेळी साहेबांनी तसं लिहून दिलं आहे. तो कागद मी घरात लावला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तू पहिल्यांदा ऑफिसात आलास तेव्हा मी सवयीनं तारेचा फॉर्म पुढे केला. तो तू परत सारलास आणि म्हणालास, “तार नाही करायची. मले कडकट्ट शिकवता का?” वर्गात तू छापील मराठी बोलायचास, पण आनंद झाला की किंवा राग आला की फैजपूर बाहेर यायचं. जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, घरची केळी, हौशी रेडिओचा सेट स्वतः जुळवलेला, आणि परवाना अडलेला मोर्सच्या, म्हणजे तारेच्या कडकट्ट लिपीच्या, परीक्षेपाशी. दर रविवारी एसटीनं तू धुळ्याला यायला लागलास.

सगळी अक्षरं आली, फक्त एल आणि वाय येईनात. मोर्समध्ये ही दोघं एकमेकांची उलटी भावंडं, एकात जिथे टिंब तिथे दुसऱ्यात रेघ. पण तुझी अडचण कानाची नव्हती, जिभेची होती. तुम्ही तिकडचे लोक केळीला केयी म्हणणार आणि डोळ्याला डोया. रोमन अक्षरांत ‘केळी’ पाठव म्हटलं की एलच्या जागी तुझं बोट वाय वाजवायचं.

“नाना, केळी.”

“केयीच तं पाठवली.”

आमच्या खात्यात चुकणारे खूप पाहिले, पण आईच्या भाषेत चुकणारा तू एकटाच. तिसऱ्या खेपेला पास झालास आणि लगेच माझ्या मागे लागलास. म्हणालास, “जन्मभर लोकाईचे निरोप पाठवले मास्तर, एखादा सोताचा बी पाठव.” असा मीही हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, झालो. पहिल्या सकाळी सेटवर माझ्या तोंडून सवयीनं ‘जय भीम’ निघालं आणि तुझ्या तोंडून ‘राम राम’. पंधरवड्यात तू ‘जय भीम मास्तर’ म्हणायला लागलास आणि मी ‘राम राम नाना’, ते कधी उलटं झालं ते दोघांनाही कळलं नाही. शेवटपर्यंत ते तसंच राहिलं.

नव्वद साल उलटल्यावर तू कॉम्प्युटर घेतलास. रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक डबा बसवलास. पडद्यावर लिहिलेलं तो डबा आवाजात बदलायचा, आवाज हवेतून जायचा आणि पलीकडचा तसाच डबा त्याची पुन्हा अक्षरं करायचा. आवाज मोहरी तडतडल्यासारखा यायचा, म्हणून वहिनी त्याला फोडणीचा डबा म्हणायच्या. मुंबईला जहाजावरून निवृत्त झालेले एक हॅम होते. त्यांचा डबा सदासर्वकाळ चालू असायचा आणि कुठल्याशा संस्थेच्या कृपेनं इंटरनेटची दोरी त्यांच्या घरापर्यंत आली होती. तुझी अक्षरं जळगावच्या गच्चीवरून मुंबईला जायची, तिथून इंटरनेटमध्ये शिरायची आणि ई-मेल होऊन अमेरिकेत उतरायची. हे सगळं तू शेजारच्या पाटील गुरुजींना समजावून सांगितलंस. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “ही ई-मेल कोणत्या फलाटावर लागते?”

अमेरिकेत तुझा विलास होता. एकुलता एक. शिकायला गेला आणि शिक्षण संपल्यावर त्यानं पत्रानं कळवलं की इकडेच नोकरी घेतो आहे, परत येणार नाही. तू ते पत्र घडी घालून कपाटात ठेवलंस आणि दीड वर्ष त्याला एक ओळ लिहिली नाहीस. वहिनी लिहायच्या. तू पाकिटावर पत्तासुद्धा घालून द्यायचा नाहीस, गुरुजी घालायचे. मग हा डबा आला आणि एका सकाळी तू मला सेटवर सांगितलंस की विलासला निरोप पाठवला. परक्या माणसाचा निरोप हॅमनं न्यायचा नाही असा कायदा, पण विलासला तू कॉलेजातच परवाना काढायला लावला होतास. म्हणून तो परका नव्हता. मुलगा म्हणून नव्हे, परवानाधारक म्हणून.

मी विचारलं, “काय लिहिलंस?”

“हवा कोरडी हाये म्हनून लिहलं.”

“बस?”

“शेळीचं बी लिहलं.”

इथे तो नियम आला. हॅमनं पाठवायचा निरोप इतका बिनमहत्त्वाचा असावा की त्यासाठी सरकारच्या तार-टेलिफोनला तसदी द्यावी असं कोणालाही वाटू नये. परीक्षेच्या पुस्तकात हे मीही वाचलं होतं आणि विसरलो होतो. तू तो नियम उराशी धरलास. आईचा गुडघा दुखतो हे महत्त्वाचं, म्हणून वर्ज्य. आईचा गुडघा ठीक आहे हे बिनमहत्त्वाचं, म्हणून चालेल. केळीचा भाव लिहिणं म्हणजे धंदा, आणि धंद्याला तर रेडिओवर सक्त मनाई. एकदा मी म्हटलं, अरे, बाग निसवली हे लिहितोस, मग भाव का नाही? तू म्हणालास, “निसवनं निसर्ग हाये. भाव बजार हाये.” प्रत्येक निरोप पाठवण्याआधी तू चष्मा लावून तीनदा वाचायचास, न जाणो एखादं वाक्य महत्त्वाचं निघायचं. खाली सही म्हणून रेडिओवाल्यांचा सप्रेम नमस्कार, म्हणजे त्र्याहत्तर हा आकडा. वहिनी म्हणायच्या, “पोराले आकडे काहून पाठवता? तो काय मटक्यावाला रतन खत्री हाये?” असं त्या एकदाच म्हणाल्या, कारण त्यावर तू अर्धा तास भाषण दिलंस.

विलासही तुझाच. त्याचं उत्तर दोन दिवसांनी फोडणीच्या डब्यातून तडतडत यायचं. बर्फ पडला. सायकल गंजली. खालच्या मजल्यावरच्याकडे मांजर आलं. त्र्याहत्तर. बापलेक दोन वर्षं असे बोलत राहिले, जगातला सगळ्यात गुंतागुंतीचा मार्ग वापरून, काही न बोलता.

तुझं वागणं मला हास्यास्पद वाटायचं आणि मी ते तोंडावर म्हणायचो. “नाना, त्याला लिही ना, एकदा येऊन जा म्हणून.”

“हे महत्त्वाचं हाये मास्तर. रेडिओवर चालत नाही.”

“मग मी उद्या ऑफिसातून तार करतो.”

“तार केली तं तो घाबरीन. त्याले वाटीन मी मेलो.”

चूक आमच्या धंद्याचीच होती. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ ही तार मी किती वेळा पाठवली असेल त्याला गणती नाही, आणि त्यातले निम्मे बाप खिडकीशी माझ्यासमोर धडधाकट उभे असायचे. पोराला मुलगी दाखवायची आहे, पाठव सीरियस. शेताची वाटणी आहे, पाठव सीरियस. एक बाप तर स्वतःची सीरियस तार लिहून देऊन बाहेर भजी खात बसला होता. मला त्या लोकांची चीड यायची. अक्षर शुद्ध आणि मजकूर खोटा, यापेक्षा तारेचा मोठा अपमान नाही, असं मी नव्या कारकुनांना सांगायचो.

“मग पत्र लिही,” मी म्हणायचो.

“पत्र त्यानं धाडलं व्हतं. मी काहून धाडू?”

झालं. रेडिओवर महत्त्वाचं चालत नाही, तारेनं पोरगा घाबरतो आणि पत्रानं बाप लहान होतो. तिन्ही रस्ते तू स्वतःच बंद केलेस. वरून विलासचं आलेलं मांजर तू मला सेटवर दोनदा वाचून दाखवायचास. दुसऱ्यांदा वाचताना तुझा आवाज जरा जाड यायचा. मी ‘सिग्नल खराब आहे’ म्हणायचो आणि तू ‘हो, बँड बसला’ म्हणायचास, म्हणजे लहरी पोचेनात.

मग ते भरीत. हिवाळ्यात मळ्यात भरीत केलं नाही तर तुम्हा लोकांना वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. मी आदल्या दिवशीच धुळ्याहून आलो होतो. हिरवी लांबलचक वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, लाकडी बडगीत मुसळानं ठेचणं, केळीच्या पानावर कळण्याची भाकरी. मिरच्या तू घातल्यास. वहिनी ‘पुरे’ म्हणाल्या म्हणून आणखी घातल्यास. सगळं गाव नाक पुसत जेवलं आणि जो तो एकच विचारत होता, विलास काय म्हणतो? तू सगळ्यांना बर्फ सांगत होतास.

वहिनी बाजूला कांद्याची पात चिरत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तर विळीवरून मान न उचलता म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही जिल्ह्यातल्या समद्या पोराईले घरी बोलावलं. माह्या एकाले बोलावता का?”

“नाना बोलावू देत नाही, वहिनी.”

“नानाले ईचारून कोन बोलावते?”

त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. पात होती समोर, त्यामुळे कोणी काही म्हणायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या घरी तू विलासला निरोप सांगायला बसलास. तू एका बोटानं टाइप करायचास, म्हणून मी असलो की कळफलक माझ्याकडे. तू वीस ओळी सांगितल्यास, कोण कोण आलं, वांगी कुठली, पऱ्हाट्या कशा ओल्या निघाल्या. तेवढं पाठवायला डब्याला तास लागला असता आणि सकाळचा बँड तासभर टिकत नाही. मी तारमास्तराच्या हिशेबानं कापत गेलो. उरलं ते असं: ‘नाना काल भरीत केले. सगळे आले होते. तुझी आठवण काढली. रात्री त्रास झाला. कारण मिरची. आता बरे. त्र्याहत्तर.’

रोमन अक्षरांत. आणि ‘भरीत’ लिहिताना शेवटचे आय आणि टी माझ्या हातून उलटे पडले. भरीतचं ‘भरती’ झालं. पडद्यावर दिसत होतं: नाना काल भरती केले, सगळे आले होते, तुझी आठवण काढली.

आता नीट ऐक. इथवर ती चूक होती. देवाशपथ म्हणत नाही, बाबासाहेबांची शपथ घेऊन सांगतो, बोट घसरलं. पण मला ते दिसलं. दुरुस्तीची कळ करंगळीपासून वीतभर अंतरावर होती. तू खुर्चीच्या मागे उभा होतास. माझ्या डोळ्यांसमोर ती विळी आली आणि ती पात. जन्मभर ज्या बापांचा मी तिरस्कार केला त्यांच्यातला एक होऊन मी तसाच बसून राहिलो. “पाठव, बँड चालला,” तू म्हणालास. मी कळ दाबली. मोहरी तडतडली.

पुढचे पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. विलासचं उत्तर येईना. तू रोज म्हणायचास, बँड खराब आहे. सहाव्या दिवशी मला राहवेना. तुझी अँटेना ताणायची राहिली होती, ते निमित्त करून रजा टाकली आणि जळगावला आलो. आपण दोघं ओट्यावर तारेचं भेंडोळं सोडवत बसलो होतो. तुझ्या एका हातात पेरू होता. रिक्षा थांबली आणि त्यातून भली मोठी बॅग घेऊन विलास उतरला.

तू पेरू खाली ठेवलास.

“तू काहून आला?”

“तुम्हाला भरती केलं ना?”

“मले? कोनी?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भेंडोळ्यात तोंड घालून म्हणालो, “भरीत होतं ते. आय आणि टी उलटे पडले असतील.” वहिनी दारात आल्या, त्यांनी पोराला पाहिलं आणि आधी रडायचं सोडून म्हणाल्या, “किती वायला.” तो पुष्कळ जाड झाला होता, पण आईच्या डोळ्यांना कोण दुरुस्त करणार. तू मात्र हललाच नाहीस. तिथूनच म्हणालास, “मास्तर, तीस वर्सात एक अक्षर चुकलं नाही तुहं.” आणि उठून आत गेलास, चेहरा धुवायला. बराच वेळ धूत होतास.

तो बारा दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मळ्यात तुमचं जे भांडण झालं ते मी ऐकलं नाही, पण वहिनींनी सांगितलं की केळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होतं, आणि सालदार गडी बिचारा पाणी द्यायचं सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. कपाटातलं पत्र बाहेर निघालं. तू त्याला स्वार्थी म्हणालास, तो तुला दगड म्हणाला, मग दोघांनी मिळून सरकारला नावं ठेवली आणि जेवायला बसलात. तो कायमचा परत आला नाही. तूही पुन्हा तसं म्हणाला नाहीस. पण पुढची सगळी वर्षं भरताच्या दिवसांत तो आला, आणि तुझ्या निरोपांत गुडघा दुखतो असं यायला लागलं. मी बोट ठेवलं तेव्हा म्हणालास, “गुडघ्याचं आता सवयीचं झालं. बिनमहत्त्वाचं.”

विलास गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तू दिल्लीला, परवाने देणाऱ्या कचेरीला, कबुलीजबाब लिहायला बसलास. मी कपाळाला हात लावला. मराठीत मसुदा करून तू तो मला वाचून दाखवलास. सदर निरोपामुळे एका इसमाचा आंतरराष्ट्रीय प्रवास घडला, सबब तो निरोप महत्त्वाचा ठरतो. हे कृत्य माझ्या सेटवरून, माझ्या समक्ष व माझ्या संमतीने घडले असून त्यास मी सर्वस्वी जबाबदार आहे.

“अरे, ‘कृत्य’ काय? खून केलास का?” मी म्हणालो. “चूक म्हण. आणि ती माझी होती, तू कशाला अंगावर घेतोस?”

“राहू दे. शब्द बरोबर हाये.”

मला वाटलं, मित्राला वाचवतोय. मी गहिवरलो. काही महिन्यांनी दिल्लीहून परवान्याच्या नूतनीकरणाची छापील सूचना आली. ती तुला माफी वाटली. तू पेढे आणलेस.

त्यानंतर दर वर्षी भरताच्या पंगतीत तू मला उभं करायचास. “हे आमचे मास्तर. तेहेतीस वर्सात एकच अक्षर चुकलं, ते बी माह्या पोराच्या नावानं.” सगळं गाव हसायचं. मी भाकरी मोडत राहायचो. साहेबांचा तो कागद मी ट्रंकेत टाकला तो यामुळे. सगळ्यांदेखत ओरडून सांगावंसं वाटायचं की मी चुकत नसतो, मी पाहून पाठवलं. पण ते सांगितलं असतं तर तू मला दारात उभं केलं नसतंस, अशी माझी समजूत.

तू गेलास त्या सकाळी वहिनींचा फोन आला. रडणं संपवून मग त्यांनी केला असावा, आवाज कोरडा होता. म्हणाल्या, “विलासले तुम्हीच सांगा भाऊ. पयलं बी तुम्हीच बोलावलं व्हतं.” तेव्हा मला कळलं की वहिनींपासून काही लपलं नव्हतं. मी अमेरिकेला फोन लावला. हजारो घरांत मरण पोचवलेला माणूस, आणि मला वाक्य सुचेना. “विलास, नाना गेले.”

“कुठे गेले, काका?”

“अरे, गेले.”

पलीकडे नुसती खरखर. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “अक्षरं नीट बघितली ना, काका?”

“बघितली रे बाबा,” मी म्हणालो. याहून अवघड निरोप मी कधी पाठवला नाही.

तुझ्या दहाव्यानंतर आम्ही दोघं तुझ्या रेडिओच्या खोलीत बसलो होतो. मला राहवलं नाही. त्याला सगळं सांगितलं, आय आणि टी, करंगळी, विळी. वाटलं, आता हा मला बोलेल. तो म्हणाला, “मला माहीत होतं काका. ‘कारण मिरची’ लिहिलं होतं तुम्ही. फैजपूरच्या माणसाला मिरचीसाठी कोण भरती करतं? मी काय दवाखाने शोधत बसलो का? सरळ घरी आलो.”

“मग आलास कशाला?”

“कोणीतरी बोलावलं होतं ना.” मग म्हणाला, “मला वाटायचं नानांनीच मुद्दाम तसं लिहिलं. पण टाइप तुम्ही केलंत, तर नाना तेव्हा कुठे होते?”

“माझ्या मागे. खुर्चीला टेकून.”

“चष्मा?”

चष्मा होता, नाना. मी कळ दाबायच्या आधी तू माझ्या खांद्यावरून वाकला होतास. शेळीच्या निरोपात धंदा शोधणारा माणूस, कॉमासुद्धा तीनदा बघणारा, तू त्या दिवशी एकदाच वाचलंस आणि म्हणालास, पाठव. आणि दिल्लीला लिहिलंस, माझ्या समक्ष व माझ्या संमतीने. ते मला वाचवायला नव्हतंच. तो साधा सरळ कबुलीजबाब होता आणि मी शहाणा तुला शब्द दुरुस्त करून देत होतो.

लबाडा. इतकी वर्षं पंगतीत माझी अब्रू काढलीस. मला फार राग आला आहे तुझा आणि तो कुठे न्यावा हे कळत नाही. फार आठवण येते, सकाळी सातला येते आणि बाकी दिवसभरही येते. सतरा वर्षांत तू माझा जिवाचा माणूस झालास, हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. महत्त्वाचं होतं, त्यामुळे सेटवर बोलता येत नव्हतं, आणि सेट बंद केल्यावर तुला मळ्यावर जायला फैजपूरची एसटी गाठायची असायची. बाकी शेळ्या, मांजरं आणि तापमानं आपण एकमेकांना पोटभर सांगितली. दोघांनी मिळून जन्मात महत्त्वाचा निरोप पाठवला तो एकच, आणि तोही अशुद्ध.